वीरगळ आणि जाते : कुटुंबातून चालत आलेल्या गीतांचा तौलनिक विचार

१

बेंगळूरूच्या उत्तरेस असलेल्या हेब्बाळ येथे इ. स. ७५०च्या सुमाराचा एक कन्नड शिलालेख आहे. गंग राजा श्रीपुरुष याच्या कारकिर्दीतील हा वीरगळ पेर्बोळलनाडूच्या रक्षणार्थ लढताना पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचे स्मरण करतो. हेब्बाळ हे नाव या 'पेर्बोळल'चेच पुढचे रूप मानले जाते. बराच काळ विस्मरणात गेलेला हा लेख २०१८ मध्ये पुन्हा लोकांसमोर आला. मराठीतील 'वीरगळ' हा शब्द कन्नड 'वीरगल्लु'वरून आलेला आहे आणि त्यातील 'कल्लु' म्हणजे दगड. कन्नडात जात्यालाही 'बीसुव कल्लु', म्हणजे दळण्याचा दगड, असे म्हणतात.

एकाच नामाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन दगडांभोवती गीतांच्या दोन निराळ्या परंपरा उभ्या राहिल्या. एक परंपरा गावाच्या वेशीवर, दरबारात, जत्रेत उभी राहिली. तिचा विषय पराक्रम, तिचा नायक नामांकित आणि तिचा गायक बहुधा व्यवसायाने गायक. दुसरी परंपरा घराच्या आत, पहाटेच्या अंधारात, दळणाच्या लयीवर चालली. तिला श्रोता नव्हता, बिदागी नव्हती आणि तिच्या गायिकेचे नाव कोणी कोरून ठेवले नाही. भारतीय भाषांतील लोकगीतांची युरोपीय लोकगीतांशी तुलना करताना अभ्यासकांची दृष्टी पहिल्या दगडावरच अधिक खिळून राहिली. स्कॉटलंडमधील 'बॅलड' या गीतप्रकाराची मराठीतील जोडी कोणती, या प्रश्नाच्या निमित्ताने हे एकारलेपण तपासता येते. गीताचा विषय बाजूला ठेवून ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे जाते, हा निकष लावला तर स्कॉटिश बॅलडचे खरे नाते पोवाड्यापेक्षा जात्यावरच्या ओवीशी अधिक जुळते, आणि त्यामुळे 'कुटुंबाचा वारसा' या कल्पनेचाच फेरविचार करावा लागतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

बॅलड म्हणजे पोवाडा हे समीकरण मराठीत केव्हा रूढ झाले, याची एक स्पष्ट खूण उपलब्ध आहे. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असलेले हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यांतील निवडक पोवाड्यांची ॲकवर्थ यांनी केलेली इंग्रजी पद्यभाषांतरे १८९४ मध्ये 'बॅलड्स ऑफ द मराठाज' या नावाने निघाली. शीर्षकातच जोडी लागली. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आणि इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरील चकमकींची गीते ही शेजारशेजारी ठेवून वाचण्याची सोय त्यातून झाली.

ही जोडी निराधार होती असे नाही. वॉल्टर स्कॉटने 'मिन्स्ट्रल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर' (१८०२-०३) या संग्रहात सीमाभागातील धाडी, वैर आणि वीरमरण यांची गीते अग्रभागी ठेवली होती. या संग्रहाच्या वाचनावर ज्याची बॅलडची कल्पना बेतलेली आहे, त्याला पोवाडा जवळचा वाटणे स्वाभाविकच होते. परंतु पोवाडा शाहिराचा असतो. त्याला डफ-तुणतुण्याची साथ असते, झीलकरी असतात, आश्रयदाता असतो, आणि शेवटच्या कडव्यात शाहीर आपली नाममुद्राही घालतो. गोंधळी आणि शाहीर यांच्या घराण्यांतून ही कला वंशपरंपरेने चालते हे खरे, पण तो व्यवसायाचा वारसा आहे. स्कॉटिश बॅलड ज्यांच्याकडून मिळाले त्या प्रमुख व्यक्तींकडे पाहिले तर चित्र फार वेगळे दिसते.

३

फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी १८८२ ते १८९८ या काळात सिद्ध केलेल्या इंग्लिश-स्कॉटिश बॅलडांच्या संहितेत ३०५ बॅलड आहेत. या संहितेतील अत्यंत मोलाच्या पाठांपैकी अनेक पाठ एका स्त्रीकडून आलेले आहेत. ॲना गॉर्डन (१७४७-१८१०) ही ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक टॉमस गॉर्डन यांची कन्या. विवाहानंतरच्या 'फॉकलंडच्या मिसेस ब्राऊन' या नावाने ती बॅलडच्या अभ्यासकांना परिचित आहे. तिची गीते तिला आईकडून, मावशीकडून आणि घरातील एका वृद्ध दाईकडून मिळाली होती. तिच्या वडिलांनी १७९३ च्या एका पत्रात नमूद केलेली गोष्ट विशेष अर्थपूर्ण आहे. ही गीते आणि त्यांच्या चाली त्यांना स्वतःला पूर्णपणे अपरिचित होत्या. ज्या घरात ही गीते वर्षानुवर्षे गायिली जात होती, त्या घराच्या विद्वान कर्त्या पुरुषाला ती ठाऊक नव्हती. घर एक, भिंती त्याच, आणि तरी गीताची वाट त्याला वळसा घालून गेलेली.

मार्गारेट लेडलॉ ही दुसरी साक्ष. कवी जेम्स हॉग याची ही आई. तिच्याकडून स्कॉटने गीते मिळवली आणि छापली. ती गीते गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, छापल्याने त्यांचा प्राण गेला आणि आता ती कोणी गाणार नाही, असे तिने स्कॉटला सुनावल्याचे हॉगच्या १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत नोंदलेले आहे. या उद्गारांकडे भाबड्या ग्रामीण स्त्रीचा छपाईविषयीचा संशय म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो एक नेमका समीक्षाविचार आहे. गीत कोणाकडे सोपवले जाते आणि कसे, यावर त्याचे अस्तित्व अवलंबून असते, असे ती सांगत होती.

विसाव्या शतकात १९५१ मध्ये एडिंबरा विद्यापीठात 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज' ही संस्था स्थापन झाली. तिच्याशी निगडित असलेले हॅमिश हेंडरसन १९५३ मध्ये ॲबर्डीन येथे जीनी रॉबर्टसन (१९०८-१९७५) हिच्यापर्यंत पोहोचले. ती भटक्या 'ट्रॅव्हलर' समाजातील होती, तिची अनेक गीते तिच्या आईकडून आलेली होती आणि पुढे ती तिची मुलगी लिझी हिगिन्स (१९२९-१९९३) हिच्याकडे गेली. मात्र लिझीने आईची गीते वडिलांच्या बॅगपाइपवादनातील अलंकरणाने नव्याने घडवली. ब्लेअरगौरीच्या स्ट्युअर्ट कुटुंबातील बेल स्ट्युअर्ट (१९०६-१९९७) हिचे वडील ती तान्ही असतानाच वारले. त्यांची गीते तिला भावांच्या मुखातून मिळाली. तेव्हा बॅलडचे संक्रमण केवळ मातृपरंपरेने होते असा नियम करता येत नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, हे संक्रमण घराण्याच्या अधिकृत वंशवृक्षाला समांतर जात नाही. ते त्याला आडवे छेद देत मावशी, दाई, भाऊ, आजी अशा वाटांनी जाते.

४

जात्यावरच्या ओवीचा विचार या पार्श्वभूमीवर केला की साम्य कोठे आहे ते उघड होते. ओवीची प्राचीनता सर्वज्ञात आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. कर्नाटकातील राजाच्या ग्रंथात मराठी स्त्रीच्या गीताची ही नोंद आहे आणि ती गीताबरोबर श्रमाचीही नोंद करते.

या श्रमगीताचे स्कॉटलंडमधील प्रतिरूप इंग्रजीशी नाते असलेल्या स्कॉट्स भाषेतील बॅलडांपेक्षा हेब्रिडीज बेटांवरील गेलिक भाषेत अधिक ठळक दिसते. मागावरून उतरलेले लोकरी कापड भिजवून, फळ्यांभोवती बसून, लयीत आपटून घट्ट करण्याचे काम तेथील स्त्रिया करीत आणि एकीने ओळ उचलायची, बाकीच्यांनी पालुपद धरायचे, अशा रीतीने गात. टॉमस पेनंट या प्रवाशाच्या १७७२ च्या सफरीच्या वृत्तांतात स्काय बेटावरील टालिस्कर येथील एक चित्र आहे. त्यात एका बाजूस कापड घट्ट करणाऱ्या स्त्रिया आहेत आणि दुसऱ्या बाजूस जात्यावर दळणाऱ्या. मावळातल्या कोणत्याही आजीला ते जाते ओळखता आले असते.

साम्य इथेच संपत नाही. मराठी ओवीच्या संक्रमणाची मुख्य घटना विवाह ही आहे. मुलगी माहेरच्या ओव्या घेऊन सासरी जाते, तेथे सासू आणि जावा यांच्याबरोबर दळायला बसते, त्यांच्या ओव्या उचलते आणि पुढे आपल्या मुलीला जे देते ते या दोन घरांचे मिश्रण असते. त्या मुलीचेही लग्न होतेच. प्रत्येक पिढीत गाव बदलते, आडनाव बदलते, कुलदैवतही बदलते, आणि ओवी चालत राहते. कुळाच्या वंशावळीत ज्या स्त्रीचे माहेरचे नावही उरत नाही, तिच्या माहेरचा भाऊ, आई, वेशीवरचे झाड ओवीत मात्र टिकून असतात. वीरगळ आणि वंशावळ ज्याची नोंद ठेवत नाहीत त्याची ओवी नोंद ठेवते. त्या अर्थाने ती कुटुंबाचा वारसा असण्यापेक्षा कुटुंबव्यवस्थेने तोडलेल्या नात्यांचा वारसा आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

कन्नड त्रिपदीचा दाखला याच दिशेने जातो. त्रिपदीचा प्राचीन नमुना बदामीच्या कप्पे अरभट्टाच्या इ. स. ७०० च्या सुमाराच्या शिलालेखात, म्हणजे पुन्हा वीराच्याच दगडावर, सापडतो. पण या छंदाचे अखंड जगणे दळणाऱ्या स्त्रियांच्या गाण्यांत झाले. विजापूर भागातील हलसंगी येथील मित्रमंडळाने ही गाणी जमवून १९३१ मध्ये 'गरतिय हाडु' या नावाने प्रसिद्ध केली. मराठी-कन्नड सरहद्दीवरच्या घरांत ओवी आणि त्रिपदी एकाच जात्याभोवती ऐकू येणे मुळीच अशक्य नव्हते. पोवाड्याच्या दिशेने पाहणाऱ्या तुलनेला हा शेजार दिसत नाही.

५

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. बॅलड कथात्मक आहे. त्यात आरंभ, संघर्ष आणि शोकान्त यांची साखळी असते. ओवी ही स्वयंपूर्ण आणि सुटी असते. एकीत कथा वाहून नेली जाते, दुसरीत भाव. मग संक्रमणाच्या एका निकषावर त्यांना एकत्र कसे आणावे? सीतेच्या वनवासाच्या ओव्या सलग कथानक मांडतात, असे उत्तर देऊन या आक्षेपाची बोळवण करता येणार नाही, कारण त्या ओव्यांतही प्रत्येक ओवी सुटी गाता येते. भेद मान्य केला पाहिजे. बॅलड गाणारी व्यक्ती कथेला बांधलेली असते. ओवी गाणारीला असे बंधन नसते, तिला फक्त पुढची ओवी सुचावी लागते.

पण नेमके येथेच 'नेमके काय संक्रमित होते' हा प्रश्न टोकदार होतो. डेव्हिड बुकन यांनी १९७२ मध्ये 'द बॅलड अँड द फोक' या ग्रंथात असा सिद्धान्त मांडला की, ॲना गॉर्डन पाठ केलेली संहिता म्हणत नव्हती. कथासूत्र आणि ठरीव उक्ती यांच्या आधारे ती प्रत्येक वेळी गीत नव्याने रचीत होती. ॲल्बर्ट लॉर्ड यांच्या 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) मधील महाकाव्यविषयक उपपत्तीचा हा बॅलडवरील प्रयोग होता. फ्लेमिंग अँडरसन आणि टॉमस पेटिट यांनी १९७९ मध्ये त्याचे खंडन केले. तिच्या पाठांतील साम्य तपासता स्मरणाचा वाटा बुकन मानतात त्याहून फार मोठा दिसतो, असा त्यांचा मुद्दा होता. हा वाद स्कॉटिश साधनांच्या मर्यादेत सुटणे कठीण आहे, कारण त्या गायिकेचे गाणे उरलेले नाही, लिहून घेतलेले पाठ तेवढे उरले आहेत.

ओवीच्या बाबतीत मात्र एक निर्णायक पुरावा आहे. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात, आणि अन्यत्रही, दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गायिलेल्या ओव्या ध्वनिमुद्रित झालेल्या आहेत. १९५६ चे धर्मांतर आणि त्यापाठोपाठचे बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण यांवरील ओव्या या गायिकांच्या पणज्यांकडून आलेल्या असणे शक्यच नाही. पण त्यांची घडण, संबोधन आणि नात्यांची भाषा तीच आहे. भावाच्या येण्याची वाट पाहणाऱ्या बहिणीची जी जागा ओवीत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्याच जागेवरून बाबासाहेबांना भाऊ म्हणून पुकारले जाते. संहिता संक्रमित झाली असती तर या ओव्या निर्माण झाल्या नसत्या, आणि निव्वळ नवनिर्मिती असती तर त्यांना ओवीचे रूप घेण्याचे कारण नव्हते. आईकडून मुलीकडे आली ती बोलण्याची जागा आणि त्या जागेवरून बोलण्याचे सामर्थ्य.

या सामर्थ्याला गाणाऱ्यांनी स्वतःच नावे दिलेली आहेत. जात्यावर गाणाऱ्या स्त्रिया चालीला 'गळा' म्हणतात. एकीचा गळा दुसरीला येतो किंवा येत नाही. बेल स्ट्युअर्टची मुलगी शीला स्ट्युअर्ट (१९३७-२०१४) ही आपल्या समाजातील 'कॉनियाक' या शब्दाचा आग्रहाने उल्लेख करीत असे. शब्द आणि सूर बिनचूक असूनही ज्याच्या अभावी गाणे गाणे राहत नाही, ते म्हणजे कॉनियाक. दोन्ही संज्ञा समीक्षकांच्या नाहीत, आणि दोन्ही संज्ञा संहितेच्या पलीकडच्या गोष्टीकडे बोट दाखवतात.

६

संग्राहकांनी या गोष्टीचे काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. चाइल्ड यांनी बॅलड कथाप्रकारांनुसार लावले आणि प्रत्येकाखाली पाठभेदांना वर्णाक्षरे दिली. पाठ कोणाकडून आला हे ते नोंदवतात, पण मांडणीचे तत्त्व कथा हेच राहते. त्यामुळे एका गायिकेची गीते अनेक क्रमांकांखाली विखुरतात. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांची रचना आई, भाऊ, बाळ अशा नात्यांनुसार केली. त्या मांडणीतून मराठी स्त्रीमनाचे एक हृद्य चित्र उभे राहिले, परंतु कोणती ओवी कोणत्या गावच्या कोणत्या स्त्रीची, हा धागा सुटला. 'गरतिय हाडु'चे तर शीर्षकच निवड करते. कन्नडातील 'गरति' म्हणजे कुलीन, पतिव्रता गृहिणी. मराठीतही 'गरती' हा शब्द त्याच अर्थाने आहे. या एका शब्दाने दळणाऱ्या सर्व स्त्रियांचा आवाज प्रतिष्ठित गृहिणीच्या चौकटीत बसवला गेला.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ (१९३४-२००४) यांनी पुण्याच्या 'सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या संस्थेतर्फे केलेले ओवीसंकलन या पार्श्वभूमीवर वेगळे ठरते. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या या संग्रहात ओवीबरोबर गायिकेचे नाव आणि गाव जतन केलेले आहे. बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने चालींचे ध्वनिमुद्रण आणि वर्गीकरणही झाले. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज त्यांच्याच नावाने ऐकता येतो. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध करावयास घेतला. 'स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज'च्या ध्वनिमुद्रणांना जे स्थान स्कॉटलंडमध्ये आहे, त्याच्याशी तुलना व्हावी असे हे कार्य आहे. दोन्हीकडे समाजाने दूर ठेवलेल्या लोकांकडून राष्ट्राचा 'अमोल ठेवा' मिळाला, ही विसंगतीही समान आहे. ज्या ट्रॅव्हलरांना गावाबाहेर हाकलले जाई त्यांचीच गाणी स्कॉटलंडची अस्मिता ठरली. दलित स्त्रीची ओवी 'महाराष्ट्राचे लोकधन' म्हणून गौरवताना तिच्यातील जातीविरुद्धचा स्वर हळूच गाळला जातो का, हा प्रश्न मराठी समीक्षेने टाळता कामा नये. ट्रॅव्हलरांचे बहिष्कृतपण आणि अस्पृश्यता एकरूप आहेत असा याचा अर्थ नव्हे. ठेवा घेणाऱ्यांची रीत मात्र एकरूप आहे.

७

हेब्बाळकडे पुन्हा वळण्याचे कारण येथे आहे. १९१३ मध्ये कृषिविद्यालय आणि १९६४ मध्ये कृषिविद्यापीठ लाभलेल्या या परिसराचे नाव नाचणीच्या सुधारित वाणांशी जोडलेले आहे. नाचणीचे पीठ मात्र आता पिशवीत विकत मिळते. १६३८ मध्ये शहाजीराजांकडे जहागीर आल्यापासून बेंगळूरूत मराठी भाषकांची वस्ती आहे. जयराम पिंड्ये याच्या 'राधामाधवविलासचंपू'त शहाजींच्या बहुभाषी दरबाराचे वर्णन सापडते, पण त्या लष्कराबरोबर आलेल्या कुटुंबांच्या जात्यांवर काय गायिले जात होते, त्याचा चंपू कोणी लिहिला नाही. गेल्या काही दशकांत संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने हेब्बाळच्या आसपास आलेली मराठी कुटुंबे या जुन्या वस्तीहून निराळी आहेत. त्यांच्या घरात जाते नाही. लग्नातल्या हळदीपुरते ते उरले आहे, जसे हेब्रिडीजमध्ये कापड आपटण्याचे काम आज प्रेक्षकांसमोरच्या प्रयोगापुरते उरले आहे.

येथे दोन सोप्या निष्कर्षांपासून सावध राहणे आवश्यक आहे. श्रम संपला म्हणून गीत संपले, असे म्हणता येत नाही. वर उल्लेखिलेल्या संग्रहातील फार मोठा भाग पिठाची गिरणी गावोगाव पोहोचल्यानंतर स्त्रियांनी स्मरणातून गायिलेला आहे. तसेच, ध्वनिमुद्रण झाले म्हणून वारसा टिकला, असेही म्हणता येत नाही. मुद्रणात टिकते ते एका पहाटेचे रूप. गळा दुसऱ्या गळ्यात उतरण्याची क्रिया मुद्रित होत नाही. शिवाय जात्याबरोबर जी सक्ती गेली, ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. अंधारात उठून पायली-पायली दळणाऱ्या स्त्रीच्या कष्टाला गाण्याची किंमत म्हणून मान्यता देणारी समीक्षा ओवी समजली असे होत नाही, कारण त्या कष्टाची तक्रार ओवीइतकी कोणी केलेली नाही.

तौलनिक साहित्याच्या दृष्टीने या विवेचनातून एक पद्धतिविषयक सूचना निघते. मौखिक गीतांची तुलना करताना विषय आणि छंद यांच्याबरोबर संक्रमणाची वाट हा स्वतंत्र निकष मानला पाहिजे. गीत कोणी गायिले याच्या जोडीला ते कोणाकडून आले, कोणत्या घरातून कोणत्या घरात गेले, घरातील कोणाला ते ठाऊक नव्हते, याची नोंद व्हावयास हवी. ॲबर्डीनच्या त्या प्राध्यापकाचे अज्ञान हे बॅलडच्या इतिहासातील एक साधन आहे, तसेच मराठी घरांतील पुरुषांचे ओवीविषयीचे अज्ञानही साधनच आहे. हेब्बाळसारख्या ठिकाणी, जेथे मराठी आजी नातवंडाला झोपवताना जे म्हणते ते शेजारच्या कन्नड आजीच्या त्रिपदीशेजारी ऐकू येऊ शकते, तेथे ही नोंद अजून करता येण्यासारखी आहे. कित्तय्याच्या दगडाला वाचक मिळण्यासाठी बारा शतकांहून अधिक काळ थांबता आले. दुसऱ्या दगडावरच्या गाण्याजवळ एवढा अवधी नाही.